शेवंती घेऊन गेलो ते घर

मुलीने मला इटलीला नेलं ते माझ्या जिभेसाठी. तसं ती तोंडाने म्हणाली नाही. ती म्हणाली, "आई, यू नीड अ ब्रेक," आणि फोनवर डोंगराच्या माथ्यावरच्या एका गावाचे फोटो दाखवायला लागली. दगडी घरं, चीज, पावाच्या ढालीएवढ्या लाद्या. पण मी काही दूधखुळी नाही. दर शनिवारी साउथहॅम्प्टनहून कार्डिफला गाडी हाकत येणारी मुलगी उगीच इतके पदार्थांचे फोटो दाखवत नाही.

त्याचं असं झालं होतं. नवरा गेला त्या दिवसापासून माझ्या तोंडाची चव गेली. मी जेवत होते, नाही असं नाही. भूक लागली की पोटात काहीतरी ढकलायचं, एवढंच. गोड, आंबट, तिखट, सगळं एकाच भावात. डॉक्टरांनी घसा पाहिला, रक्त तपासलं. रक्तात काही नव्हतं, ते मलाही माहीत होतं. मी त्याच कामात जन्म घालवला आहे.

कार्डिफच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी होते. येईल तो नमुना तपासायचा आणि रिपोर्ट द्यायचा. ती खोड जेवणाच्या टेबलावरही गेली नाही. कोणाकडेही जेवायला गेलो, की परतताना गाडीत नवरा विचारायचा, "बोला, रिपोर्ट काय?" मग मी सांगायची. आमटीत गूळ जास्त, पोळ्या कालच्या, श्रीखंड डब्यातलं. तो हसत हसत गाडी चालवायचा. मुलगी मागच्या सीटवर वैतागायची, "आई, यू आर सो मीन." माझ्या जिभेची त्या दोघांना दहशत होती आणि थोडा अभिमानही.

तो गेल्यावर मुलगी जे काही करून आणायची त्याला मी "छान" म्हणायला लागले. थाई करी छान, जळलेली भाजी छान. पहिल्यांदा तिला वाटलं, आई समजूतदार झाली. मग ती घाबरली. एकदा खिचडीत मीठ घालायचं साफ विसरली, आणि मी ती ताटभर खाऊन छान म्हणाले. तिने एक घास खाल्ला, माझ्याकडे पाहिलं आणि मिठाची बरणी आणायला उठली. त्याच संध्याकाळी तिने तिकिटं काढली.

दुःख झालं का, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर मला काहीच होत नव्हतं. रडूही आलं नव्हतं. हात अंगाखाली घेऊन झोपल्यावर सकाळी तो आपला वाटत नाही, तशी मी सगळीच्या सगळी होते.

त्यात आमच्याकडे सगळंच उलटंपालटं झालं. आपल्याकडे माणूस जातो त्या घरात चूल पेटत नाही. स्मशानातून माणसं परतली की नातेवाईक, शेजारी पिठलं-भात घेऊन येतात आणि घरच्यांना बळेबळे चार घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी आईच्या समोर बसून तिला भरवलं होतं. ती मान हलवत होती आणि काकू हात मागे घेत नव्हत्या. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र क्रेमेटोरियमची वेळ मिळायलाच आठवडे लागतात. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा झाली, की कडू घास कधी द्यायचा, गेले त्या दिवशी की दहन होईल त्या दिवशी? चर्चा संपेपर्यंत तेरावा येऊन गेला, आणि दहन त्याच्याही नंतर. मधल्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांसाठी मीच पोहे करत होते. दहनानंतर हॉलमध्ये केटरर होता. मी टेबलाटेबलावर जाऊन "जेवलात का?" विचारत होते. शेजारच्या वेल्श बाईने लझान्या आणलं, पण मला त्रास नको म्हणून दाराशी ठेवून गेली आणि नंतर मेसेज केला. किती चांगली बाई. तिथली माणसं अशीच चांगली आहेत, दाराशी ठेवून जातात.

गाव मुलीने निवडलं, पण त्याचं नाव आमच्या घरात जुनं होतं. लग्नानंतर आम्ही वेल्समध्ये आलो तेव्हा नवऱ्याची पहिली नोकरी कार्डिफच्या वरच्या दऱ्यांमधल्या एका लहानशा हॉस्पिटलात होती. तिथे खाणकामगारांच्या गावागावांत इटालियन लोकांचे कॅफे असत. त्यातल्या एकात आम्ही दर रविवारी आइस्क्रीम खायला जायचो, कारण दुसरीकडे कुठे जायला गाडी नव्हती. काचांवर सदा वाफ. कॅफेचा म्हातारा मालक त्याच्या गावाबद्दल सांगायचा: रोमच्या दक्षिणेला, डोंगरात, आणि गावाला एक भिंत आहे, रोमपेक्षा जुनी. नवरा म्हणायचा, "एकदा जाऊन ती भिंत बघायचीच." दर वर्षी सुट्टीत आम्ही पुण्याला गेलो.

भिंत पाहिली. मुलीने भाड्याची गाडी वळणावळणाने वर चढवली, मी दाराची कडी धरून बसले होते. प्रचंड दगड, एकावर एक, मध्ये चुना नाही, माती नाही. दगडाला दगड असा बेतून बसवलेला की फटीत नखही जाणार नाही. रोमन आले, त्यांनी वर आपली भिंत चढवली, मग कोणा सरदाराने बुरूज चढवला, आणि आता सगळ्यात वर कोणाची तरी डिशटीव्हीची थाळी होती. मुलगी म्हणाली, "बाबाला हे किती आवडला असता, ना?" मी हो म्हटलं. दगडाला हात लावून पाहिला. थंड होता.

तिने दुपारच्या जेवणाची व्यवस्था फोनवरून केली होती. हॉटेलात नाही, गावातल्या एका बाईच्या घरी, बाई आपल्या हाताने रांधून वाढणार. "अगदी लोकल फूड, आई. त्यांचा स्वतःचा चीज, स्वतःचे बीन्स." बाईंचा निरोप मुलीने मला वाचून दाखवला: चर्चच्या मागच्या गल्लीत हिरवं दार, उघडंच असेल, सरळ आत या.

आता कोणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? मुलगी म्हणाली, "आई, वी हॅव पेड." मी म्हटलं, पैसे दिले म्हणून रीत सुटत नाही. चौकात एक फुलवाली होती आणि तिच्या दुकानाबाहेर बादल्याच्या बादल्या भरून शेवंती. पिवळी, पांढरी, टपोरी. वेणी करावी अशी. ऑक्टोबरातली शेवंती पाहिली की आपल्या बाईचा हात आपोआप पुढे जातो. मी मोठा गुच्छ घेतला. फुलवालीने कागदात गुंडाळताना माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटल्यासारखे केले आणि सुटे पैसे देताना माझा हात दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, किती प्रेमळ माणसं आहेत.

चर्चच्या मागे गल्ली होती. हिरवं दार होतं, आणि उघडंही होतं. बाहेर चार पुरुष गडद कोट घालून उभे होते, एकमेकांशी न बोलता सिगारेट ओढत. ते बाजूला झाले. आमच्या पुढेच दोन बायका आत शिरल्या, हातात फडक्यात बांधलेली भांडी. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "ओ माय गॉड, इट्स सो ऑथेंटिक."

आतली खोली मोठी होती आणि खुर्च्या भिंतीला लावून मांडलेल्या. सगळीकडे बायका. मी शेवंती पुढे केली. एका बाईने ती घेतली, माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकले आणि काहीतरी विचारलं. मुलीला वाटलं, कुठून आलात असं विचारतायत. ती म्हणाली, "कार्डिफ. वेल्स." खोलीत कुजबुज फिरली, गालेस, गालेस, म्हणजे त्यांच्या भाषेत वेल्स. लगेच दोघीतिघी उठल्या, आम्हाला हाताला धरून आत नेलं आणि टेबलाच्या टोकाशी एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसवलं. मानाचीच जागा दिसत होती. मुलीने मांडीवर रुमाल पसरला आणि फोटो काढायला फोन बाहेर काढला.

मी इकडेतिकडे पाहत होते. सवयच ती. भांडी येत होती, पण सगळी बाहेरून. घरातला गॅस लखलखीत पुसलेला होता, त्यावर एक पातेलं नाही. शेजारची म्हातारी हात मांडीवर ठेवून बसली होती. एक बाई तिच्यापुढे चमचा धरून काहीतरी पुटपुटत होती आणि म्हातारीचं तोंड घट्ट मिटलेलं. समोरच्या कपाटावर एक फोटो, पुढे मेणबत्ती. फोटोत पांढरा एप्रन घातलेला तरुण आइस्क्रीमच्या गाडीला टेकून उभा. आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना बादलीत शेवंती.

मला धक्का वगैरे बसला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखीची पेशी दिसावी, तसं दिसलं. मी मुलीला म्हटलं, "फोन आत ठेव. हे सुतकाचं घर आहे."

"व्हॉट?"

"इथला माणूस वारला आहे. आपण चुकीच्या घरात आलोय."

तिचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. तेवढ्यात पावाची टोपली घेऊन माझ्याच वयाची एक बाई आली आणि चक्क इंग्रजीत बोलली, तेही वेल्सच्या दऱ्यांमधल्या पक्क्या हेलात, माझ्या पहिल्या घरमालकिणीच्या. "हॅलो, लव्ह. फ्लाइट कशी झाली? तुम्ही अंकलच्या कुठल्या शॉपमधल्या?"

मग सगळा उलगडा झाला. गेलेला माणूस तिचा काका. तरुणपणी वेल्समध्ये भावाच्या दोन-तीन कॅफेंत राबला आणि मग गावी परतला. सकाळीच त्याला पुरून आले होते. आमच्या जेवणाचं हिरवं दार त्याच गल्लीत चार घरं पुढे होतं. निम्म्या गावाची माणसं वेल्समध्ये, त्यामुळे कार्डिफ म्हटल्यावर कोणाला शंका आली नाही. आणि शेवंती तर तिथे फक्त मेलेल्यांना वाहतात. आम्ही जेवायला म्हणून मयताची फुलं घेऊन गेलो होतो, ते बरोबर मयताच्याच घरी.

मुलगी सॉरी सॉरी म्हणत उठली. "आई, प्लीज चल. आय वाँट टू डाय."

"या घरात असं बोलू नये," मी म्हटलं.

"आई!"

पुतणी म्हणाली, "बसा ना. आज या घरात चूल पेटवायची नसते. गल्लीतले सगळे आणून देतात आणि घरच्यांना खायला लावतात. आमच्यात तशी पद्धत आहे."

"आमच्यातही," मी म्हटलं.

"पण आँटी काल सकाळपासून पाण्याशिवाय काही घेत नाही. सगळ्या करून दमल्या." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं कोण गेलं?"

"नवरा. ईस्टरच्या आधी."

हे मी कितीतरी वेळा सांगितलं होतं, बँकेला, कौन्सिलला, पेन्शनवाल्यांना. तसंच सांगितलं.

म्हातारीपुढची बाई आता तिला समजावत होती, गालावरून हात फिरवत होती आणि म्हातारीने मान वळवली की चमचा खाली ठेवत होती. मला राग आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचा तरी राग आला. असं कोणी भरवतं का? मान वळवली की हात मागे घेतला, तर माणूस कधीच खाणार नाही. मी खुर्ची ओढली, म्हातारीच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि त्या बाईच्या हातातून वाडगा घेतला. मुलगी "आई, व्हॉट आर यू डूइंग?" म्हणाली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

वाडग्यात पांढऱ्या शेंगबियांचा दाट रस्सा आणि त्यात पिठाच्या कापलेल्या चकत्या. आपली वरणफळंच, फक्त डाळीच्या जागी बिया. मी चमचा भरला आणि म्हातारीच्या ओठांशी नेला. तिने मान वळवली. मी चमचा तिथेच ठेवला. तिने हाताने ढकलला, थोडा रस्सा माझ्या बाहीवर सांडला. मी पुन्हा भरला आणि पुन्हा तिथेच धरला. बोलायचं काही नसतं त्यात. काकू आईशी काही बोलल्या नव्हत्या. हात दुखायला लागला. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, ही कोण परकी बाई असं, चांगलं रागाने पाहिलं, आणि तोंड उघडलं.

तिने चावलं, गिळलं. मी दुसरा चमचा भरला. मागे कोणीतरी देवाचं नाव घेतलं. वाडगा अर्धा होईपर्यंत मी थांबले नाही.

मग पुतणीने वाकून म्हातारीच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते म्हातारीच्या नजरेवरून कळलं. तिने माझ्या हातातून चमचा काढून घेतला, त्याच वाडग्यात बुडवला आणि माझ्या तोंडाशी आणला.

मी म्हटलं, "नो, थँक यू. आय ॲम फाइन." इतकी वर्षं तिकडे राहिल्यावर हे वाक्य तोंडात तयारच असतं.

चमचा हलला नाही. मी मान मागे घेतली, चमचा पुढे आला. ती मघाशी माझ्याकडूनच शिकली होती. मी तोंड उघडलं.

रस्सा गरम होता. पहिल्यांदा तेवढंच कळलं. मी गिळला आणि तोंडातून शब्द बाहेर पडले, मराठीतच, कोणालाही उद्देशून नाही.

"मीठ जास्त झालंय."

मुलीने मान वर केली. "काय म्हणालीस?"

"मीठ. खारट आहे. आणि बियांना अजून एक उकळी हवी होती. बोटचेप्या नाहीत झालेल्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई," ती म्हणाली, "दॅट्स अ रिपोर्ट." आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली, खांदे गदगदा हलवत, लहानपणी रडायची तशी. खोलीतल्या बायकांना वाटलं ती त्यांच्या माणसासाठीच रडतेय. एक जाडजूड आजीबाई उठली आणि तिला आपल्या छातीशी धरून बसली. मुलीनेही सोडवून घेतलं नाही.

पुतणीने विचारलं, तुझी आई काय म्हणाली? मुलीने हुंदक्यांतूनच खरं ते सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुतकाच्या घरात जेवणाला नावं ठेवणारी बाई म्हणून माझी जगात नोंद झाली असती. पुतणीने ते त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. तेव्हा म्हातारीने सकाळपासूनचं पहिलं वाक्य उच्चारलं. बायका दचकल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि हसायला लागल्या, पदर असता तर पदरात तोंड खुपसून हसल्या असत्या. दाराजवळची एक बाई तेवढी हसत नव्हती.

"आँटी म्हणते," पुतणी डोळे पुसत म्हणाली, "हे तिच्या जावेने केलंय. ती लग्न होऊन आल्यापासून सगळ्यात मीठ जास्तच घालते. आणि तिला सांगायची आजवर कोणाची हिंमत झाली नव्हती."

मलाही हसू आलं. आणि हसता हसता मनात आलं, हे त्याला सांगायलाच हवं. परतताना गाडीत. तो विचारेल, बोला, रिपोर्ट काय, आणि मी म्हणेन, अरे, ऐक तर, शेवंती घेऊन मयताच्या घरी गेले आणि वर मिठाला नावं ठेवली. तो इतका हसेल की गाडी बाजूला घ्यावी लागेल. मी वाक्यं जुळवायलाही लागले होते.

तेव्हा मला कळलं की तो मेला आहे.

मी किती जोरात रडले ते मुलीने मला नंतर सांगितलं. बाहेरचे पुरुषसुद्धा दारात येऊन उभे राहिले म्हणे. मला एवढंच आठवतं की म्हातारीने चमचा खाली ठेवला नाही. तिने तो पुन्हा भरला आणि माझ्या तोंडाशी धरून बसली. जेवताना रडू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मी रडत होते आणि जेवत होते, आणि वाडगा संपेपर्यंत तिने हात मागे घेतला नाही.